सलंगेपर्यंत सोळाशे मीटर

हनुमानाच्या देवळाच्या पायरीपासून तलावाच्या सलंगेपर्यंत अंतर बरोबर सोळाशे मीटर आहे. म्हणजे आता बरोबर आहे. आधी भरतीसाठी धावणाऱ्या पोट्ट्यांनी ते मोटारसायकलच्या काट्यावर मोजलं होतं आणि सलंगेच्या अलीकडे एका दगडावर चुन्याने '१६००' लिहून मोकळे झाले होते. माझ्या भाच्याला ते पटलं नाही. शाळेतला तीस मीटरचा टेप तो माझ्याकडून मागून घेऊन गेला आणि दोन सकाळी दोघे जण वाकून वाकून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मोजत गेले. चाळीस मीटर कमी भरले. "मामा, चार महिने आम्ही खोटंच धावून रायलो होतो ना," तो म्हणाला. दगड चाळीस मीटर पुढे सरकला, ऐन सलंगेपाशी.

सलंग म्हणजे तलाव तुडुंब भरला की जादा पाणी जिथून वाहून जातं ती जागा. पुस्तकात सांडवा म्हणतात. आमचं गाव साकोलीकडून अर्जुनी मोरगावला जाताना आत वळल्यावर लागतं. या भागात तलावाशिवाय गाव नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांचे झाले, मालगुजारी गेल्यावर सरकारचे. कागदावर 'माजी मालगुजारी तलाव', बोलताना 'मामा तलाव'. मी वर्गात हे सांगतो तेव्हा पोरं हमखास हसतात, कारण अर्ध्या वर्गाचा मी नात्याने मामाच लागतो.

समुद्र मात्र गावात फार थोड्यांनी पाहिलेला. माझ्या आईने तो कधीच पाहिला नाही. भाऊजींनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पाहिला. आणि अशा गावातला पोट्टा, माझा हाच भाचा, नेव्हीत लागला म्हटल्यावर लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की याले तिकडे पाण्याची सवय कशी होईल? त्याला पाण्याची सवय व्हायची नव्हती, मोडायची होती. ते पुढे सांगतो.

नौदलाशी माझी स्वतःची पहिली गाठ डोंगरावर पडली. डी.एड.ला होतो तेव्हा आमची सहल लोणावळ्याला गेली होती. भुशी धरणाकडे जाताना रस्त्यात एक मोठं फाटक लागलं, त्यावर 'आय.एन.एस. शिवाजी'. आय.एन.एस. म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज, एवढं सामान्यज्ञान आम्हाला पाठ होतं. पावसात बसच्या खिडकीतून मी जहाज शोधत होतो. दिसत होत्या त्या बराकी, झाडं आणि धुकं. बरोबरच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "असेल आत." त्यांनाही माहीत नव्हतं, पण शिक्षकाने माहीत नाही म्हणायचं नसतं हे मी त्या दिवशी शिकलो आणि नंतर बऱ्याच कष्टाने विसरलो.

आत जहाज नाही. ती शाळा आहे. जहाजाचं इंजिन चालवणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना तिथे घडवतात. नौदलाची पद्धत अशी की जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजाचं नाव द्यायचं, जहाजासारखं कमिशन करायचं आणि आत वागायचंही जहाजावर असल्यासारखंच. जमीन म्हणायची नाही, डेक म्हणायचं. स्वयंपाकघराला गॅली. फाटकातून बाजारात जायची सुट्टी मिळाली तर ती लिबर्टी, आणि गेला तो 'किनाऱ्यावर' गेला, मग तो आधीपासून सह्याद्रीच्या माथ्यावर का असेना.

या लोणावळ्याच्या शाळेची तारीख मला नंतर कळली आणि ती मी विसरू शकलो नाही. १५ फेब्रुवारी १९४५. म्हणजे दुसरं महायुद्ध चालू होतं, देश इंग्रजांचा होता, आणि इंग्रजांच्या आरमाराने तिचं नाव ठेवलं 'एच.एम.आय.एस. शिवाजी'. हिज मॅजेस्टीज इंडियन शिप शिवाजी! ज्याने सुरतेला इंग्रजांच्या वखारीची झोप उडवली, जंजिऱ्याच्या सिद्दीला आणि गोव्याच्या पोर्तुगीजाला दबकून राहायला लावलं, त्याचं नाव इंग्लंडच्या राजाच्या नावापुढे जोडून फाटकावर. नाव सुचवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. पण मला ते गमतीचं वाटतं, आणि थोडं बरंही वाटतं. १९५० मध्ये प्रजासत्ताक झालं तेव्हा 'हिज मॅजेस्टी' गळून पडला, शिवाजी राहिला. झेंड्यावरचा इंग्रजांचा सेंट जॉर्जचा क्रॉस कायमचा जायला मात्र २ सप्टेंबर २०२२ उजाडावा लागला. त्या दिवशी कोचीला विक्रांत नौदलात दाखल झाली आणि नव्या निशाणावर राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आमच्या शाळेत तेव्हा मुलांनी तो अष्टकोन खडूने फरशीवर काढला होता. एकाचे सात कोन झाले.

नौदलाच्या शाळांचा इतिहास मी धुंडाळायला लागलो तो भाच्यामुळे, पण गुंतलो स्वतःच्या धंद्यामुळे. शाळा म्हटलं की मला कान टवकारावेच लागतात. मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाची अशीच एक जमिनीवरची शाळा होती, संदेशवहनाची. बिनतारी यंत्र कसं चालवायचं, निरोप कसा धाडायचा, हे तिथे शिकवत. १८ फेब्रुवारी १९४६ ला तिथल्या पोरांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, गोरा-काळा पगारातला फरक, सगळं साचलेलं होतं. दोन-तीन दिवसांत मुंबईपासून कराची-कलकत्त्यापर्यंत ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी त्या बंडात ओढले गेले. निरोप इतका भराभर पोचला तो त्याच यंत्रांवरून, त्याच बोटांनी. ज्या विद्येसाठी त्यांना शाळेत घातलं तीच त्यांनी वापरली. मला विचाराल तर परीक्षेत याहून जास्त मार्क कुणी मिळवले नसतील. बंड पाच-सहा दिवसांत मिटलं, खलाशांना तुरुंग आणि बडतर्फी भोगावी लागली, आणि पुढेही कित्येक वर्षं त्यांची आठवण ठेवायला कुणाला फारशी सवड झाली नाही.

मग फाळणी. पोरांना खलाशी बनवणाऱ्या शाळा, 'बहादूर', 'दिलावर', आणि तोफांची 'हिमालय', सगळ्या कराचीत होत्या. फाळणीत जहाजं वाटून घेता येतात, इमारती नाही. त्या तिकडेच राहिल्या. नव्या देशाकडे लोणावळा राहिलं, जामनगरजवळची विजेची 'वलसुरा' राहिली, पण अगदी पहिलीचा वर्ग, जिथे कोऱ्या पोराला प्रथम गणवेश चढवतात, तोच गेला. तो विशाखापट्टणमला नव्याने उभा करावा लागला. तिथून १९८० मध्ये ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठी गेला. आय.एन.एस. चिल्का. तेव्हापासून देशातल्या कोणत्याही कोपऱ्यातला पोरगा खलाशी व्हायला निघाला की त्याची पहिली पायरी तीच.

आता आमच्या पोट्ट्याची गोष्ट.

हा लहानपणापासून तलावातच वाढला म्हटलं तरी चालेल. तुडुमाच्या दगडावरून उडी मारायची (तुडुम म्हणजे पाणी शेताला सोडायचं भोक), धिवराच्या डोंग्याला लोंबकळत पलीकडे जायचं, शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकून घाबरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. पोहायला त्याला कुणी शिकवलं नाही. पण तलावाने दिलं तसं घेतलंही. उन्हाळ्यात खाली गेलेलं गढूळ पाणी कानात जाऊन जाऊन त्याचा डावा कान दरवर्षी वाहायचा. ताई गोडंतेल कोमट करून टाकायची. तेलाने काय होतं ते मेडिकलच्या दिवशी कळलं. लेखी निघालं, धावणं निघालं, आणि कानात टॉर्च घालून डॉक्टर म्हणाले, पडदाच दिसत नाही, मळ आहे. तात्पुरता अनफिट.

भरतीच्या पोरांत 'कानातला मळ' हा शब्द कसा उच्चारतात ते ऐकायला हवं. जणू काही जातीच्या दाखल्यातली चूक. रात्री दहाला फोन आला तेव्हा तो रडत नव्हता, ताई रडत होती. "माह्या तेलानं झालं का रे भाऊ?" मी म्हटलं, नाही. खोटं बोललो. एका कानाच्या डॉक्टरकडे चार दिवस थेंब टाकून, मग पिचकारीने धुऊन, त्याचा पडदा दिसायला लागला. पडदा धड होता. नशीबच, कारण भोक असतं तर तिथेच संपलं असतं. पुन्हा तपासणी झाली आणि तो बसला.

ज्या अकॅडमीने त्याची आगाऊ फी घेतली होती तिने मेडिकलबद्दल सहा महिन्यांत अवाक्षर काढलं नव्हतं. मैदान नव्हतं, एक पत्र्याचं शेड आणि भिंतीवर रणगाड्याचं चित्र. निकाल लागल्यावर मात्र पोट्ट्याचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर पहिला. असो.

२०२३ च्या मार्चमध्ये आम्ही त्याच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या संचलनाला चिल्काला गेलो. ताई, भाऊजी आणि मी. मोहफुलांचे दिवस होते, ताई पहाटेचं वेचणं जावेवर सोपवून निघाली आणि गाडीत दोन वेळा तरी म्हणाली की फुलं आज चांगली पडली असतील. पुरीच्या गाडीत डब्यात निम्मे आमच्यासारखेच होते. नवीन साडी, नवीन चप्पल, फराळाचा डबा, आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टोपी घातलेल्या पोराचा तोच एक फोटो. सकाळी खिडकीतून पाणी दिसायला लागलं. रूळ अगदी सरोवराच्या कडेने जातो. भाऊजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा समुद्र नाई. हा तर तलाव होय. पाळ कुठे आहे याची?"

भाऊजींचं फार चुकलं नव्हतं. चिलिका समुद्र नाही. एका बाजूने महानदीच्या शाखांचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूने बंगालच्या उपसागराचं खारं, आणि मध्ये वाळूची लांब पट्टी, तीच त्याची पाळ. उन्हाळ्यात ९०० चौरस किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात साडेअकराशेच्या पुढे पसरतं, पण खोली बेतास बात. बऱ्याच जागी माणूसभर, दीड माणूस. आणि दुखणंही आमच्या तलावांचंच, गाळ. नद्यांनी आणलेल्या गाळाने समुद्राकडचं तोंड बुजत चाललं होतं, पाणी गोडं होत गेलं, मासा घटला, पाणवनस्पती माजली. शेवटी सप्टेंबर २००० मध्ये वाळू कापून नवं तोंड उघडलं, आणि खारं पाणी आत आल्यावर मासळी परत वाढली. हे मी गाडीत भाऊजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग आपल्या तलावाचा गाळ कधी काढतेत?"

संचलनाची तारीख होती २८ मार्च. अग्निवीरांची पहिली तुकडी, सुमारे २,६०० जण, आणि त्यात २७३ मुली. नौदलात बायका अधिकारी १९९२ पासून आहेत, पण खलाशी म्हणून मुली पहिल्यांदाच, त्याच तुकडीत. सोळा आठवड्यांचं प्रशिक्षण. संचलन सूर्य मावळल्यावर ठेवलं होतं, तेही पहिल्यांदाच. नौदलप्रमुख ॲडमिरल आर. हरी कुमार मानवंदना घ्यायला आले होते. दिव्यांच्या झोतात पांढऱ्याशुभ्र रांगा पुढे सरकत होत्या आणि आम्ही तिघे आपला कोणता ते शोधत होतो. सापडला नाही. चाल एक, टोपी एक, हात एकाच उंचीवर. ताई प्रत्येक रांगेला "तो बघ" म्हणत होती. भाऊजी गप्प होते. मला एकदम मुलींची तुकडी दिसली आणि मी भाच्याला शोधायचं विसरलो. त्यांच्यातली एखादी आमच्या वर्गातली असू शकली असती, हे मनात आलं आणि लगेच हेही, की मी वर्गातल्या एकाही पोरीला असं काही सांगितलेलं नाही. टेप मी पोट्ट्यांना दिला होता.

नंतर तो स्वतःच समोर येऊन उभा राहिला. चार महिन्यांत आवाज बदलला होता. ताईने त्याचा कान धरून आधी आत बघितलं.

पाण्याची सवय मोडायची होती म्हणालो ते असं. तलावात पोहणारा माणूस तोंड पाण्याबाहेर ठेवून पोहतो. समोर म्हैस आहे का, वेल आहे का, काठावर आई आहे का, हे दिसायला हवं. पहिल्याच दिवशी उस्तादाने याला पाण्यात बघितलं आणि बाहेर काढलं. राजस्थानातला एक पोरगा, ज्याने विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, तो पंधरा दिवसांत तोंड बुडवून नीट पोहायला लागला. याला महिना लागला. "त्याला काही येतच नव्हतं मामा, म्हणून लवकर आलं," तो म्हणाला. मी हे वाक्य पुढे शाळेत केंद्रसंमेलनात वापरलं, स्वतःचं म्हणून.

पुढची शाळा त्याला इंजिनाची मिळाली. म्हणजे लोणावळा. मी म्हटलं, फाटकातून आत गेलास की बघ रे, जहाज आहे का. त्याला गंमत कळली नाही. त्याच्यासाठी ते जहाजच होतं.

दिवाळीला तो आठ दिवस आला. अंगणात उभा राहून "डेक ओला आहे" म्हणाला आणि धाकटी बहीण दिवसभर घराला डेक-डेक करत फिरली. भाऊजींना त्यातलं काही फारसं भावलं नाही. पण एका संध्याकाळी त्याने गोठ्यात गोऱ्ह्याच्या गळ्यातलं दावं सोडून पुन्हा बांधलं. दोराच्या टोकाने एक वळसा, खालून वर, मागून फिरवून परत त्याच भोकात. बोलाइन म्हणतात म्हणे. फास बसत नाही, सरकत नाही, कितीही ताण येवो, आणि सोडताना बोटाने मागे ढकललं की सुटते. भाऊजी वाकले. त्यांनी गाठ दोन्ही बाजूंनी पाहिली, दोर ओढून पाहिला, गोऱ्ह्याच्या गळ्यात दोन बोटं घालून पाहिली. मग ती सोडली आणि स्वतः बांधली. तीच गाठ, फक्त डाव्या हाताने सुरू करून. त्यांच्या बापाने त्यांना शिकवली होती. तिला नाव नाही. "याच्यासाठी ओडिशाले गेला का बे?" म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली तेव्हा आमच्या कट्ट्यावर पोट्टे दोन दिवस धावायला गेले नव्हते. चार वर्षं नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवणार, बाकीच्यांना सेवा निधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास घेऊन घरी. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पाळीवर होते. रोवणीला मजुरी काय मिळते ते त्यांना ठाऊक आहे. मी या योजनेच्या बाजूने वाद घालू शकतो आणि विरुद्धही, दोन्ही मी चहाच्या टपरीवर घालून पाहिलेत. पण ताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने खोडते, ते पाहिलं की मला दोन्ही बाजू सुचत नाहीत. इंजिनाचं काम हाती आहे, बाहेर कुठेही मिळेल, असं तो म्हणतो. मिळेलही. इकडे नाही मिळणार. आमच्याकडे मोठ्यात मोठं इंजिन धान गिरणीचं.

यंदा पावसाने सलंग तीन दिवस वाहिली आणि दगडावरचा चुना धुऊन गेला. परवा पहाटे मी फिरायला निघालो तर आकडा पुन्हा ठळक झालेला. खाली बारीक अक्षरात 'मुली ८'. मुलींना सोळाशे मीटरला आठ मिनिटं असतात. देवळाशी भाची बूट बांधत होती, बरोबर तिच्या वर्गातल्या दोघी. मला बघून तिने मोबाईल माझ्या हातात कोंबला. "मामा, तुमी गाडीनं पुढे जा. सलंगेवर उभे राहा. मी इथून हात खाली केला की बटन दाबा."

मी गेलो, उभा राहिलो, तिचा हात लांबून खाली आलेला दिसला, बटण दाबलं. नंतर पाळीवर धुकं उतरलं. आधी पावलांचा आवाज आला, मग ती दिसली, मागून त्या दोघी. ती मला ओलांडून गेली आणि मी घड्याळ थांबवलं. आठ मिनिटं चार सेकंद.

वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून ती बराच वेळ श्वास घेत होती. मग मोबाईलकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं.

"मामा, तुमी दगडाच्या अलीकडे उभे होते का पलीकडे?"